जुलैच्या रात्री वाडीत जे असतात, त्यांना शिकवा

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं, महाड शहरात सावित्री शिरली होती आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, फोन बंद. मोठी बचाव पथकं तळियेला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. तिथे गाडीरस्ताच नव्हता. पथकं डोंगर चढून गेली आणि माती कुदळ-फावड्याने उपसावी लागली.

एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसाळ्यात तिच्या तुकड्या कोकणात आधीच आणून ठेवतात, आणि त्याने फरक पडतोच. पण घाट बंद, महामार्गावर पाणी आणि दहा ठिकाणांहून एकदम हाक, अशा रात्री पहिले काही तास वाडीलाच काढावे लागतात. शेजारघरचा माणूस पोहोचतो तो मिनिटांत, गणवेशातला माणूस पोहोचतो तो तासांत. म्हणून शेजारघरच्या माणसाला शिकवायचं. एवढं सगळ्यांना पटतं. घोळ होतो तो त्यापुढे, निवडीत.

प्रशिक्षण जाहीर झालं की पहिली यादी गावच्या मंडळाच्या तरुणांची होते. पोरं उत्साही असतात, धडधाकट असतात. पण कोकणातला धडधाकट तरुण जुलैत मुंबईला, पुण्याला किंवा लोट्याच्या नाहीतर महाडच्या एमआयडीसीत पाळीवर असतो. मे महिन्यात आणि गणपतीत भरलेली वाडी जुलैच्या मध्यरात्री वेगळी दिसते: म्हातारी माणसं, चाळिशी-पन्नाशीच्या बाया, शाळेतली मुलं, रिक्षावाला, दुकानदार, एखादा वायरमन. शिकवायचं यांना. आपत्तीसाठी स्वयंसेवक तयार करणाऱ्या सरकारच्या आपदा मित्र योजनेत साधारण १८ ते ४० वयाची माणसं घेतात, बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, सोबत साहित्याची पिशवी आणि विमा. योजना चांगली आहे आणि तालुक्याला तसे स्वयंसेवक हवेतच. पण घर सोडून बारा दिवस जाणं पन्नाशीच्या काकींना जमत नाही, आणि रात्री दोन वाजता साकवापलीकडच्या (साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल) चार घरांची कडी वाजवणार त्याच.

म्हणून नावं लिहिण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: जुलैत रात्री झोपायला कुठे असता? उत्तर ‘वाडीत’ असेल तरच नाव घ्या. चाळीस-पन्नास घरांच्या वाडीला सहा ते आठ माणसं पुरतात, त्यांत निम्म्या तरी बाया. वहाळ वाडीच्या मधून जात असेल तर दोन्ही काठांची माणसं घ्या, कारण वहाळ भरला की एका वाडीच्या दोन वाड्या होतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यादीत हव्यात, पण त्यांच्यावर आधीच खूप कामं असतात. त्यांना प्रमुख करू नका. बचत गटातली, हिशेब चोख ठेवणारी एखादी बाई याद्या सांभाळायला सगळ्यांत योग्य.

यादी आणि खुणा

पहिल्या बैठकीत दोर, शिट्टी काही आणू नका. वही आणा. घराला एक ओळ: किती माणसं झोपतात, चालता न येणारं कोण, गरोदर कोण, इन्सुलिन किंवा डायलिसिसवर कोण, एकटं कोण राहतं, गुरं किती आणि दाव्याला कुठे बांधलेली, घर बंद असेल तर किल्ली कुणाकडे, मुंबईच्या माणसाचा नंबर. त्यापुढे दोन नावं: या घराची कडी कोण वाजवणार आणि तो नसेल तर कोण. वहीच्या तीन प्रती काढा. एक वाडीत, एक ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे. प्लॅस्टिकच्या पिशवीत. फोनमध्ये फोटो असावा, पण फोनवर भिस्त नको.

यादीनंतर पाण्याच्या खुणा. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा मोठ्या नद्यांना आहेत. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. वाडीतल्या पऱ्याला, म्हणजे छोट्या ओढ्याला, कुणी रेषा आखलेली नसते. ती तुम्ही आखा. साकवाच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर किंवा घाटाच्या भिंतीवर ऑइलपेंटने तीन पट्टे मारा: पांढरा, पिवळा, लाल. पट्टा कुठे मारायचा ते मोजपट्टीने नाही, जुन्या माणसांना विचारून ठरतं. सगळ्यांत खालच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा साकवावर ते कुठे होतं? लाल पट्टा, म्हणजे घर सोडायची शेवटची खूण, तिथे नको, त्याच्या बराच खाली हवा. किती खाली, ते चालण्याच्या वेळेवर ठरतं. खालच्या घरातल्या आजोबांना खुर्चीसकट उचलून शाळेत न्यायला पंचवीस मिनिटं लागत असतील आणि पाणी अर्ध्या तासात हातभर चढत असेल, तर लाल पट्टा निदान दोन हात खाली. ही चाल सुक्या दिवशी घड्याळ लावून मोजा आणि आलेली वेळ दुप्पट धरा. रात्र, पाऊस, चिखल आणि गुरं सोडायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो.

किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या गावांत भरतीचा हिशेब यात घालावाच लागतो. वरून वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री भरून येते आणि खाली समुद्र भरलेला असेल तर पाणी उतरायला वाटच राहत नाही. भरतीची वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत प्रत्येक स्वयंसेवकाला यायला हवी: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास, आणि ती उधाणाची. अर्धापाऊण तास मागेपुढे होतो, खाडीत वर जाल तशी भरती उशिरा पोहोचते. पण ‘पाऊस असाच राहिला तर दोन ते पाच धोक्याचे’ एवढं सांगायला हे पुरतं.

पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी बास आहे. खाली-वर सारख्या रुंदीचा, उघड्यावर, झाडापासून आणि वळचणीपासून दूर. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून मिलिमीटर लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. हवामान खातं २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस म्हणतं. कोकणात शंभर मिलिमीटर नवे नाहीत. दरडीच्या गावात बघायचं ते सलग तीन-चार दिवसांची बेरीज आणि त्यावर येणारी एखादी मोठी सर. जमीन आधीच पिऊन भरलेली असते, तेव्हा दोन तासांचा पाऊसही डोंगर सैल करतो.

पाण्याजवळ

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण इथे मदतीला गेलेलाच माणूस जातो.

शिकवायचा क्रम असा: आधी काठावरून काठी, बांबू, लुगडं पुढे करा. पोहोचत नसेल तर दोर फेका. तेही जमत नसेल तर होडी किंवा तराफा. पोहत जाणं सगळ्यांत शेवटी, आणि आपण शिकवणार त्या स्वयंसेवकांसाठी तर नाहीच. विहिरीत आणि खाडीत उत्तम पोहणाऱ्याला हे पटवणं सगळ्यांत कठीण असतं. त्याला सांगा की पुराचं पाणी विहिरीसारखं नसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यात ओंडके असतात, पत्रे असतात, तारा असतात. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहून पार करायचंच नाही, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकतं आणि पाण्याचा रेटा माणसाला पुढे वाकवून तोंड पाण्याखाली दाबून धरतो. पडलातच तर उठायची धडपड करू नका. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला वर ठेवा, हातांनी तिरकं काठाकडे सरका.

दुसरी गोष्ट कमरेला दोर बांधण्याची. आपल्याकडे सर्रास चालते आणि जीव घेते. दोर बांधून माणूस पाण्यात उतरतो, वरून चौघे धरतात. पाय निसटला की दोर ताणला जातो आणि ताणलेला दोर माणसाला वर ओढत नाही, प्रवाह त्याला दोराच्या टोकाला खाली दाबून ठेवतो. वरचे जितक्या जोराने ओढतील तितका तो बुडतो. एका झटक्यात सुटणारा पट्टा असलेलं खास जॅकेट नसेल तर वाहत्या पाण्यात माणसाला दोर बांधायचा नाही. हे वाक्य प्रशिक्षणात रोज म्हणून घ्या.

दोर फेकण्याची पिशवी घरी शिवता येते. आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर, पंधरा ते वीस मीटर. नायलॉन नको, तो बुडतो आणि ताणला की लांबतो. दुकानदाराला नाव सांगता येत नसेल तर तुकडा बादलीत टाकून बघा, तरंगला पाहिजे. मजबूत कापडाची उभी पिशवी, तळाशी अर्ध्या लिटरची बूच लावलेली रिकामी बाटली. दोराचं एक टोक पिशवीच्या तळातून बाहेर काढून गाठ मारायची, बाकीचा दोर वेटोळं न करता मुठी-मुठीने आत कोंबायचा. वेटोळं घातलेला दोर फेकताना हमखास गुंततो. फेकण्याआधी पिशवीचं तोंड ढिलं करा, दुसरं टोक डाव्या हातात धरा (मनगटाला गुंडाळू नका), माणसाला नावाने हाक मारा, त्याने बघितलं की मगच फेका. पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडावी, म्हणजे दोर खांद्यावर येतो. दोर पकडल्यावर ताण एकदम येतो, म्हणून फेकणाऱ्याने खाली बसायचं आणि मागून एकाने त्याचा शर्ट किंवा पट्टा धरायचा. माणूस आपोआप वळसा घेत काठाला लागतो. त्याला प्रवाहाविरुद्ध ओढायचं नाही.

सराव कोरड्या मळ्यात करा. दहा मीटरवर दोन खुंट्या, मध्ये मीटरभर अंतर. दहा फेकींत सात मधून गेल्या पाहिजेत. नंतर खरी परीक्षा: पहिली फेक चुकली असं धरून दोर ओढून घ्यायचा आणि वीस सेकंदांत दुसऱ्यांदा फेकायचा. इथे पिशवी भरत बसायला वेळ नसतो. पिशवीत थोडं पाणी घ्यायचं म्हणजे वजन येतं, दोर हातात मोठ्या घड्यांनी धरायचा आणि फेकायचं. बायांना हे पुरुषांपेक्षा लवकर जमतं असं दिसतं, बहुधा त्या जोर लावण्याऐवजी नेम धरतात म्हणून.

तरंगायला काय वापरायचं? बूच घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन वीस किलोच्या आसपास वजन पेलतो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर राहायला पाच-सात किलोचा आधार पुरतो, म्हणजे एका कॅनला दोन माणसं धरू शकतात. कॅन फेकायचा असेल तर आत अर्धा लिटर पाणी ठेवा, अगदी रिकामा वाऱ्याने उडतो. ट्रकची ट्यूब चालते, पण तिचा व्हॉल्व्ह पोटाला लागतो, त्याला कापड गुंडाळा. सोललेले नाहीत असे सुके नारळ जोडीने बांधून पोरं पोहायला शिकतात, तेही वेळेला कामी येतात. लाइफजॅकेट मिळाली असतील तर ती मे महिन्यात बंधाऱ्याच्या डोहात घालून प्रत्येकाने तरंगून बघायची. खालचा पट्टा न लावल्यामुळे जॅकेट गळ्यापर्यंत वर सरकतं आणि माणूस त्यातून निसटतो, हे पाण्यात गेल्याशिवाय कळत नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात दाबून ठेवलेल्या जॅकेटचा फोम चपटा होतो, उंदीर पट्टे कुरतडतात. खुंटीला टांगून ठेवा.

होडीचा हिशेब वेगळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, बऱ्याचदा मशीन उतरवून ठेवलेलं. म्हणजे पुराच्या ऐन दिवसांत होडी आहे पण तयार नाही. कोळीवाड्यातल्या दोन छोट्या होड्या आणि त्यांचे तांडेल (होडी चालवणारे) मे महिन्यातच ठरवून घ्या. त्या होड्या मागे दडपू नयेत, वल्ही आणि दोर जवळ असावेत, शहराकडे न्यायची वेळ आली तर टेम्पो कुणाचा हेही ठरवा. तांडेलाला शहरातल्या पुराची एक गोष्ट सांगावी लागते: गल्लीत पाण्याखाली गेट, कुंपणाचे गज, गाड्या असतात, म्हणून मशीन बंद करून बांबूने रेटत जायचं.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं बंद. उताणा झोपवा, हनुवटी वर, श्वास बघा. श्वास नसेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने दोन श्वास द्यायचे, कारण त्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेलं असतं. मग छातीच्या मधोमध तीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मग पुन्हा दोन श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हातांचे दाब उथळ पडतात आणि ते दाबणाऱ्याला समजत नाही. सरावाचा पुतळा नसेल तर घट्ट भरलेल्या गादीच्या उशीवर सराव करा, पण लय पक्की करा. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत विसरलं जातं. जानेवारीत शिकवलेलं जुलैत राहत नाही, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ उजळणीची ठेवा.

डोंगराखालच्या वाड्या

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी घरं गाडली. तेव्हापासून कोकणात दरड म्हटलं की या गावांची नावं येतात. दरडीत बचावापेक्षा आधी बाहेर पडणं जीव वाचवतं, त्यामुळे प्रशिक्षणाचा भर बघण्यावर हवा. दर पावसाळ्यात दोघांनी आठवड्यातून एकदा वाडीच्या वरचा उतार फिरून यायचा. काय बघायचं: माथ्यावर चंद्रकोरीसारखी पडलेली भेग, ताल किंवा बांध फुगलेला, झाडं आणि विजेचे खांब एका दिशेला कललेले, घराचा दरवाजा अचानक चौकटीत अडकायला लागलेला, जोत्याला नवी फट. भेग दिसली की दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर लिहून ठेवा. उद्या ते वाढलं तर वाद घालायला जागा राहत नाही. तोवर भेगेत पाणी जाऊ नये म्हणून वरून चर काढा आणि प्लॅस्टिक अंथरा.

सगळ्यांत तातडीची खूण पाण्याची. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा एकाएकी गढूळ झाला, किंवा भर पावसात पऱ्याचं पाणी कमी झालं, तर वरती कुठेतरी माती अडली आहे. तेव्हा तहसीलला फोन लावत बसायचं नाही. आधी माणसं हलवायची, मग फोन.

माणसं हलवणं हेच सगळ्यांत अवघड काम आहे आणि त्याचाही सराव लागतो. ‘धोका आहे, घर सोडा’ म्हटलं की म्हातारं माणूस हटून बसतं. ‘काकी, पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलंय. गाय मी सोडली, तुमची औषधं आणि पासबुक पिशवीत घातलंय. चला, शाळेत चहा ठेवलाय’ असं म्हटलं की निघतं. यात तीन गोष्टी आहेत: डोळ्याने दिसणारी खूण, गुरांची काळजी मिटलेली, आणि पुढे कुठे जायचं ते ठाऊक. दारात उभं राहून कडी न वाजवता आत जाऊन पिशवी भरायला लागायचं. आळीपाळीने एकीने काकी व्हायचं आणि नकार द्यायचा, दुसरीने पटवायचं, असा खेळ प्रशिक्षणात घ्या. गुरांची दावी सोडायची, गोठ्याचं दार उघडं ठेवायचं. ती आपली वाट शोधतात.

दरड पडल्यावर पहिला नियम: एक माणूस कामाला हात लावणार नाही. त्याने शिट्टी तोंडात धरून फक्त वर डोंगराकडे बघायचं. लांब एक शिट्टी म्हणजे हातातलं टाका आणि आडव्या बाजूला पळा, उताराच्या दिशेने नाही. मग यादी काढा आणि कोण कुठल्या खोलीत झोपायचं ते शेजाऱ्यांना विचारा. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी एक मिनिट पूर्ण गप्प, एकाने हाक मारायची, बाकीच्यांनी कान जमिनीकडे. पाय किंवा मांडी तासाभरापेक्षा जास्त दाबलेली असेल तर ओझं एकदम उचलू नका. डॉक्टरांशी किंवा १०८ शी बोलून, ते सांगतील तसं करा. आवळलेल्या स्नायूंतून साचलेलं विष रक्तात जाऊन हृदय बंद पडू शकतं.

जखमीला न्यायला दोन बांबू आणि दोन पोती पुरतात. बांबू अडीच मीटर, पोत्यांची तळाची टोकं कापून बांबू आतून ओवायचे. आधी धडधाकट माणूस झोपवून उचलून बघा, मगच जखमी. कोकणातल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, चढताना आणि उतरताना डोकं नेहमी वरच्या अंगाला. चार उचलणारे, चार बदली, आणि एक पुढे पायऱ्या सांगणारा.

वाऱ्यानंतर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वादळात माणसं घरात थांबली तर वाचतात. इजा बऱ्याच होतात त्या नंतर, झाडं तोडताना आणि शेवाळलेल्या कौलांवर चढताना.

चेन सॉ गावात असेल तर ती चालवणारे दोघेच ठरवा. ताणलेलं लाकूड कसं ओळखायचं ते शिकवा: आडवं पडलेलं खोड दोन्ही टोकांना टेकलं असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी दाबलेल्या बाजूने एक तृतीयांश काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं तर पातं अडकतं किंवा खोड उसळतं. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात आपटतो, तिथे मुलं उभी नसावीत. पात्याच्या टोकाने कधी कापू नका, यंत्र तोंडावर उडतं. माडाच्या धाग्यांनी आणि वाळूने साखळी पटकन बोथट होते, जादा साखळी आणि कानस जवळ हवीच. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते यंत्रावर लिहिलेलं असतं, बहुतेकांना पन्नासास एक; अंदाजाने ओतलेलं ऑइल यंत्र जाळतं.

तारेजवळच्या झाडाला महावितरणचा माणूस ‘बंद आहे’ म्हणेपर्यंत हात नाही. वीज गेलेली असली तरी कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटी वीज तारेत येते. पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब.

पूर उतरल्यावर विहिरी. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत नुसती मूठभर टाकायची नाही. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा: ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले चार, गुणिले हजार, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सत्तर ग्रॅम. बादलीत लगदा करा, पाऊण बादली पाणी घाला, पाच-दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून दोराने हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, घ्या, पिवळा रंग आलाच पाहिजे. पूर शिरलेल्या विहिरीत आधी गाळ-पाणी उपसायचं, आणि रंग आला नाही तर पुन्हा मात्रा द्यायची. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.

चिखल काढताना पायाला जखम असेल तर तो माणूस घरी. नंतर ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लक्षणं आहेत, वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्सिसायक्लिन तिथूनच आणि त्यांच्या सांगण्यानेच. पुरानंतर ढिगाऱ्यात फुरसं, घोणस असतात. हात घालण्याआधी काठी. चावलंच तर चिरा नको, आवळपट्टी नको, हातपाय लाकडाला बांधून हलू न देता दवाखान्यात.

निरोप

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, ११२ सगळ्या तातडीसाठी, १०८ रुग्णवाहिका, समुद्रावर १५५४ तटरक्षक दल. नंबर सगळ्यांना पाठ असतात, सांगायचं काय ते ठरलेलं नसतं. ‘लवकर या, खूप वाईट आहे’ याने पथक कुठे पाठवायचं ते कळत नाही. एका श्वासात सांगता येईल असा निरोप: गाव आणि वाडी, काय झालं, किती माणसं अडकली, किती जखमी, रस्ता कुठपर्यंत चालू, बोलणाऱ्याचं नाव. कागदावर लिहून वाचायचं आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्यायचं. फोन लागत नसेल तर एसएमएस, तो रेंजच्या क्षणभराच्या झुळकीतही निघून जातो. तेही बंद असेल तर दोघांनी पायी निघायचं, एकट्याने नाही. वाडीत देवळाची घंटा, शंख किंवा ढोल, काहीही एक ठरवा, पण ते रोजच्या आरतीसारखं वाजता कामा नये.

प्रशिक्षणाचा काळ म्हणाल तर एप्रिल-मेच्या संध्याकाळी, दोन-दोन तास, आठवड्यातून तीन. लग्नसराई बघून तारखा घ्या. लावणीच्या दिवसांत कुणी येत नाही आणि यायला सांगूही नये. शेवटची रंगीत तालीम अंधारात, दिवे बंद करून, जमलं तर पहिल्या पावसात. उन्हातली तालीम फोटोला बरी पडते, पण बॅटरीतले सेल गळलेत, शिट्टी पावसात ऐकू जात नाही, शाळेची किल्ली शिक्षकांसोबत तालुक्याला गेलीय, हे अंधारातच उघड होतं. शाळेच्या किल्लीची दुसरी प्रत त्याच दिवशी करून घ्या.

ज्यांनी शिकलं त्यांची नावं, रक्तगट आणि फोन तहसील कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. बाहेरचं पथक आलं की त्यांना वाट दाखवायला, यादी द्यायला कोण पुढे होईल ते नाव त्यातच लिहा. चाकरमानी गणपतीला आले की वही घेऊन घरोघर फिरा: मुंबईचे नंबर बदललेले असतात, गेल्या वर्षी चालणारे आजोबा आता चालत नसतात, एखाद्या घरात नवं बाळ असतं. आणि याच वेळी मुंबईच्या मुलांना विचारा की गावच्या घराच्या किल्लीचा जोड कुणाकडे ठेवला आहे.